दोन क्विंटल कापसाची बॅटरी दोन वर्षांत का मरते?



कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात गेल्या पंधरावीस वर्षांत एक नवा पाहुणा येऊन बसला आहे. कुठे दाराच्या मागे, कुठे देव्हाऱ्याखाली, तर कुठे थेट कापसाच्या गंजीला टेकून. त्याचे नाव इन्व्हर्टर. लाईन गेली की तो चीं करून जागा होतो, पोराच्या वहीवर उजेड पडतो, म्हाताऱ्याच्या डोक्यावर पंखा फिरतो. पाहुणा कामाचा आहे यात वाद नाही. पण तो फुकट आलेला नाही आणि त्याची नीट देखभालही आपण करीत नाही. या दोन्ही गोष्टींचा हिशेब आज जिल्हा बैठकीपुढे मांडायचा आहे.

पहिला हिशेब पैशाचा. दीडशे अँपिअर-तासाची बॅटरी पंधरा हजारांची धरू. २०२५-२६ च्या हंगामाचा मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये. म्हणजे एका बॅटरीला जवळजवळ दोन क्विंटल कापूस गेला, आणि तोही हमीभाव हातात पडला तर. ज्वारीवाल्याने हाच हिशेब संकरित ज्वारीच्या ३,६९९ रुपयांनी करावा. चार पोत्यांच्या वर माल जातो. कोरडवाहू एकरात चार-पाच क्विंटल कापूस पिकवणाऱ्याने जवळजवळ अर्ध्या एकराचे पीक त्या काळ्या पेटीत ओतले आहे. नीट सांभाळली तर ही पेटी पाच वर्षे चालते. आपल्या गावात ती दोन, फार तर अडीच वर्षांत भंगारवाल्याच्या गाडीवर चढते. उरलेल्या अडीच वर्षांचा कापूस कोणी खाल्ला?

ही खरेदी कोणाच्या चुकीची?

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. शेतकऱ्याने इन्व्हर्टर हौस म्हणून घेतलेला नाही. वीज मंडळाच्या आणि २००५ नंतर महावितरणच्या भारनियमनाने त्याला तो घ्यायला लावला. त्या काळात ग्रामीण महाराष्ट्राने बारा-बारा तासांचा अंधार सोसला. आज भारनियमनाचे वेळापत्रक फळ्यावर लागत नसेल, पण डीपी जळते, तार तुटते, वळवाच्या वाऱ्यात खांब आडवा होतो आणि वायरमनकडे दहा गावे असतात. शेतात वस्ती करून राहणाऱ्यांचे हाल तर विचारू नका. त्यांचे घर शेतीच्या फीडरवर, आणि शेतीची लाईन पाळीने येते.

वीज देण्याचे काम ज्याचे, त्याने ते केले नाही म्हणून आपण घरात छोटे वीजकेंद्र उभे केले. त्यावर सरकारने कर लावला. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हापासून ॲसिडच्या बॅटरीवर २८ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला. म्हणजे आजही पंधरा हजारांच्या बॅटरीत सुमारे २,२९० रुपये कराचे आहेत. तीस किलो कापूस सरकारच्या पेटीत! सरकारची वीज नाही म्हणून घेतलेल्या वस्तूवर सरकारचाच कर. आणि कृषिमूल्य आयोग कापसाचा उत्पादनखर्च काढतो तेव्हा घरातला हा इन्व्हर्टर त्यात कुठेच बसत नाही. शेतमालाच्या भावातून होणारी लूट आपण मोजायला शिकलो. ही लूट अशी गुपचूप, किस्तीकिस्तीने होते म्हणून तिच्याकडे लक्ष जात नाही.

ही लढाई लढायचीच आहे, तिच्याबद्दल शेवटी बोलू. पण ती जिंकेपर्यंत घरातली बॅटरी मरू द्यायची का? बियाण्याला भाव जास्त पडला म्हणून पेरलेले पीक कोणी वाळू देत नाही. तीच गोष्ट इथे.

बॅटरी म्हणजे विहीर आहे, नदी नव्हे

बॅटरीत किती आहे हे कळल्याशिवाय किती उपसायचे हे कळत नाही. पेटीवर १२ व्होल्ट आणि १५० अँपिअर-तास लिहिलेले असते. दोन्हींचा गुणाकार १,८०० वॅट-तास. ही झाली भरलेली विहीर. पण विहीर तळापर्यंत उपसली की गाळ येतो. बॅटरी रोज तळापर्यंत उतरली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून निम्म्यावर थांबावे. राहिले ९००. त्यातले काही इन्व्हर्टर स्वतः खातो, काही उष्णतेत जाते. हातात सुमारे ७५० धरा.

आता भार मोजा. नऊ वॅटचे चार एलईडी दिवे म्हणजे ३६. जुना छताचा पंखा ७५. एकूण १११. यावर साडेसहा तास निघतात. त्याला दुसरा पंखा आणि टीव्ही जोडला की भार अडीचशेच्या घरात जातो आणि तीन तासांत सारे आटोपते. उलट जुन्या पंख्याच्या जागी तीस वॅटचा नवा पंखा लावला तर तेच चार दिवे आणि पंखा अकरा तास चालतात. मोठी बॅटरी घेण्याआधी पंखा बदला. तो स्वस्त पडतो.

इस्त्री, मिक्सर, फ्रीज, पाणी तापवायचा रॉड हे इन्व्हर्टरच्या वायरिंगवर मुळीच नकोत. आणि विहिरीवरच्या मोटारीचे तर नावच काढू नये. तीन अश्वशक्तीची मोटार चालताना अडीच-तीन हजार वॅट ओढते, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. घरगुती इन्व्हर्टर तिथेच मान टाकतो.

दुसरी गोष्ट भरण्याची. दीडशेची बॅटरी पुरी उतरली तर पंधरा अँपिअरने भरायला दहा-बारा तास लागतात. गावात लाईन चार तास आली, दोन तास गेली, पुन्हा तीन तास आली, असे चालले तर ती कधीच पुरती भरत नाही. अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण खडे धरतात. पिकाचेच उदाहरण घ्या. ऊन लागून दुपारी माना टाकलेले कपाशीचे झाड संध्याकाळच्या ओलाव्याने पुन्हा उभे राहते. पण जमिनीतला ओलावा एका मर्यादेखाली गेला की नंतर कितीही पाणी द्या, झाड उठत नाही. उतरलेली बॅटरी एक-दोन दिवसांत भरली तर ती सावरते. महिनाभर तशीच पडली तर मेली.

इथे एक बारीक खुबी आहे, ती अनेक घरांत कोणी सांगितलेलीच नाही. बहुतेक इन्व्हर्टरला एक बटण असते. एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला ईको किंवा नॉर्मल. यूपीएसवर ठेवले तर यंत्र साधारण १८० व्होल्टच्या खालची वीज स्वीकारतच नाही. संगणकासाठी ते ठीक. पण ज्या गावात संध्याकाळी दाब १६० वर येतो, तिथे लाईन असूनही इन्व्हर्टर बॅटरीवरच चालत राहतो आणि बॅटरी भरत नाही. घरवाले म्हणतात, लाईन होती तरी बॅटरी कशी उतरली! ते बटण ईकोवर ठेवा; कमी दाबातही भरणे चालू राहते.

पाणी, खारे पाणी आणि ॲसिड

बॅटरी मरण्याचे सर्वांत मोठे कारण पाणी. भरताना तिच्यातल्या पाण्याचा वायू होतो आणि पातळी उतरते. प्लेटा उघड्या पडल्या की तेवढा भाग कायमचा बाद. म्हणून पावसाळ्या-हिवाळ्यात दोन महिन्यांनी आणि मार्च ते जूनमध्ये दर महिन्याला पातळी पाहायची. बहुतेक बॅटऱ्यांना तरंगणारे खुणेचे दांडे असतात. खूण खाली गेली की पाणी घालायचे.

कोणते पाणी? फक्त डिस्टिल्ड, म्हणजे वाफेपासून काढलेले, बॅटरीसाठी विकतात ते. विहिरीचे नाही, बोअरचे नाही, नळाचे नाही, उकळून गार केलेलेही नाही. उकळल्याने जंतू मरतात, क्षार मरत नाहीत. उलट घट्ट होतात. फिल्टरच्या जारचे पाणीही नको, कारण त्यात थोडे क्षार राहतातच. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतल्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. जे पाणी शेताला दिले तर जमीन चोपण होते, ते बॅटरीला पाजले तर प्लेटांचे काय होईल? क्लोराइड आणि लोह बॅटरीला आतून खातात आणि ते बाहेरून दिसत नाही.

पाणी बॅटरी भरल्यावर वरच्या खुणेपर्यंत घालावे. प्लेटा उघड्या दिसत असतील तर आधी त्या बुडतील एवढेच घाला, बॅटरी भरू द्या, मग खुणेपर्यंत आणा. जास्त ओतले तर भरताना ते ॲसिडसकट बाहेर येते, टर्मिनल खाते, फरशी खाते. आणि ॲसिड कधीच वरून घालू नये. उडून जाते ते पाणी, ॲसिड आतच राहते. "थोडे ॲसिड टाकून देतो, बॅटरी तेज होईल" असे म्हणणाऱ्या मेस्त्रीला दारातूनच परत पाठवा.

बॅटरी कशी आहे हे सांगणारे साधे यंत्र म्हणजे हायड्रोमीटर, काचेची पिचकारी आणि आत तरंगणारा काटा. ट्युब्युलर बॅटरी पुरी भरली की प्रत्येक खान्यात साधारण १२४० च्या आसपास आकडा दिसतो. सहाही खाने जवळजवळ सारखे असावेत. पाच १२३० वर आणि एक ११८० वर असेल तर तो खाना आजारी आहे. गॅरंटी संपायच्या आत दुकानदाराला दाखवा. पाणी घातल्याबरोबर आकडा घेऊ नये, नवे पाणी वर तरंगते आणि आकडा खोटा येतो.

कापसाच्या खोलीत बॅटरी नको

ही सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. भाव वाढेल या आशेने आपण दिवाळीपासून होळीपर्यंत घरात कापूस भरून ठेवतो. घर लहान, खोली एक. त्याच खोलीत बॅटरी. भरताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तो हवेत मिसळला की ठिणगीने भडकतो. टर्मिनल सैल असले की नेमकी तिथेच ठिणगी पडते. शेजारी सरकीसकट सुका कापूस. यापुढे सांगायला नको. वर्षभराचे पीक आणि घरची माणसे एका सैल नटावर टांगू नका.

बॅटरी खिडकीजवळ, हवा खेळते अशा जागी, कापूस, कडबा, रॉकेल, फवारणीची औषधे, चूल आणि गॅस यांपासून दूर ठेवावी. देव्हाऱ्याखालीही नको, तिथे दिवा जळतो. खान्याची झाकणे उघडताना विडी नाही, काडी नाही. पत्र्याच्या तापलेल्या खोलीतही नको. ढोबळ नियम असा की २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना बॅटरीचे आयुष्य निम्मे होते. आपला मे महिना ४५ अंशांचा. म्हणून घरातली सर्वांत गार भिंत तिला द्या. जमिनीवर ठेवली की बॅटरी उतरते हा समज जुन्या पेट्यांच्या काळातला आहे, आजच्या प्लास्टिकच्या पेटीला तो लागू नाही. पण ट्रॉली बरी, मागची धूळ आणि उंदीर दिसतात.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आली तर आधी इन्व्हर्टर बंद करून त्याचा प्लग काढा. मग काळी, म्हणजे ऋण तार आधी काढा, नंतर लाल. खायचा सोडा कोमट पाण्यात कालवून पुसा, तो खान्यात जाऊ देऊ नका. कोरडे करा, तार घट्ट आवळा, वरून व्हॅसलीन लावा. जोडताना लाल आधी, काळी नंतर. हातात पाना असताना बांगडी, अंगठी, कडे काढून ठेवावे. दोन टर्मिनलांत धातू आडवा पडला तर तो लाल होऊन हाताला चिकटतो. ॲसिड अंगावर किंवा डोळ्यात गेले तर पंधरा मिनिटे वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवा आणि डोळ्याचे असेल तर थेट दवाखाना गाठा. हळद-तूप काही नको.

अर्थिंगचेही पाहा. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या पट्टीपासून सुटते आणि अर्थिंग नावापुरते राहते. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओता. इथे मात्र खारे पाणी चालते.

जे घर सहा महिने बंद राहते

मराठवाड्यातली हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. घर बंद, इन्व्हर्टर चालू. कुठेतरी लाईन जाते, बॅटरी उतरते, पुढे कोणी पाहत नाही. जाण्याआधी बॅटरी पुरी भरा, पाणी पाहा, इन्व्हर्टर बंद करा आणि तारा सोडवून ठेवा. नुसती पडलेली बॅटरीही हळूहळू उतरते, म्हणून गावात राहणाऱ्या भावकीला सांगून महिन्या-दोन महिन्यांनी एक दिवस भरून घ्या.

हाच नियम पाठीवरच्या बॅटरीच्या फवारणी पंपाला. त्यातली छोटी १२ व्होल्टची बॅटरी बहुधा त्याच जातीची, फक्त बंद झाकणाची. तिला पाणी लागत नाही. शेवटची फवारणी झाली की पंप माळ्यावर जातो आणि पुढच्या जुलैत खाली येतो तेव्हा बॅटरी मेलेली असते. पंप धुऊन, बॅटरी भरून ठेवा आणि दर दोन महिन्यांनी पुन्हा भरा. ट्रॅक्टरची बॅटरी इन्व्हर्टरला लावण्याचा उद्योगही करू नका. ती क्षणभर जोर लावण्यासाठी बनवलेली, रात्रभर सावकाश चालण्यासाठी नव्हे.

घेताना आणि विकताना

'पाच वर्षे गॅरंटी' हे शब्द ऐकून भुलू नका. कार्डावर बारीक अक्षरांत ३६ अधिक २४ असे काही लिहिलेले असते. त्याचा अर्थ, पहिले ३६ महिने बदलून मिळेल. पुढचे २४ महिने नव्या बॅटरीच्या किमतीत फक्त सूट. पक्के बिल, कार्डावर दुकानाचा शिक्का, तारीख आणि बॅटरीवरचा क्रमांक तिन्ही जुळवून घ्या. शंका आली तर बॅटरी काट्यावर चढवा आणि कंपनीच्या पत्रकातल्या वजनाशी ताडून पाहा. बॅटरीचा जीव शिशात असतो, आणि शिसे लपत नाही. आता लिथियमच्या बॅटऱ्याही आल्या आहेत. त्यांना पाणी लागत नाही, पण दाम जास्त आणि इन्व्हर्टर त्यांच्यासाठी बनलेला हवा.

छतावर सौर पटल बसवणाऱ्यांनी एक गोष्ट आधी विचारावी. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेतून बहुधा जी यंत्रणा बसते ती लाईनला जोडलेली असते. लाईन गेली की तीही बंद पडते, कारण तारेवर काम करणाऱ्या वायरमनचा जीव जाऊ नये. बिल कमी होईल, अंधार जाणार नाही. अंधारासाठी बॅटरीची सोय वेगळी लागते.

मेलेली बॅटरी ज्याच्या त्याच्या हाती देऊ नका. शिसे विकत जाते, ते वजनावर विका. नवी घेताना जुनीचे पैसे बिलात वळते करून घ्या. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. बांधावर बॅटरी फोडून शिसे काढण्याचे प्रकार ताबडतोब थांबवा. ते ॲसिड जमिनीत आणि शिशाची धूळ लेकरांच्या पोटात जाते. शिशाने मुलांचा मेंदू खुरटतो आणि ते नुकसान भरून येत नाही.

आता बैठकीचे काम

येत्या बैठकीत प्रत्येक गावशाखेने तीन गोष्टी ठरवाव्यात. एक, गावाला एक हायड्रोमीटर आणि डिस्टिल्ड पाण्याचा कॅन एकत्र घ्यायचा आणि महिन्यातून एक दिवस घरोघरच्या बॅटऱ्या तपासायच्या. हे काम दोन तरुण आणि दोन मायबहिणी यांनी शिकून घ्यावे, कारण लाईन जाते तेव्हा घरात बाईच असते. दोन, ज्या घरात कापसाजवळ बॅटरी आहे तिथली ती याच आठवड्यात हलवायची. तीन, गावात एक वही ठेवायची. लाईन कोणत्या तारखेला, किती वाजता गेली, किती वाजता आली, डीपी कधी जळली, तक्रार कधी दिली, बदलून कधी मिळाली. वर्षभराची वही, मोघम नको.

२००३ च्या वीज कायद्यातले कलम ५७ सांगते की सेवेचा ठरवून दिलेला दर्जा पाळला नाही तर वीज कंपनीने ग्राहकाला भरपाई द्यायची. दर्जा आणि भरपाईचे आकडे राज्य वीज नियामक आयोग ठरवतो. दाद न मिळाल्यास ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे. पण "लाईन सारखी जाते" या वाक्याला तिथे किंमत नाही. तारखेला आणि तासाला आहे. २०२४ पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना बिल माफ आहे, म्हणून आता बोलायचे नाही, असे कोणी म्हणेल. माफीची वीज रात्री-अपरात्री आणि तीही तुटक येत असेल तर तिची किंमत आपण बॅटरीच्या रूपाने चुकवतोच आहोत. आम्हाला फुकट नको, पुरेशा दाबाची आणि वेळेवर येणारी वीज हवी, आणि तिचे बिल भरता येईल असा कापसाला आणि ज्वारीला भाव हवा.

वही आणि हायड्रोमीटर, दोन्ही घेऊन पुढच्या बैठकीला या. ज्या गावच्या बॅटऱ्या पाच वर्षे चालतील त्या गावात दोन क्विंटल कापूस दरघरी शिल्लक राहील. आणि ज्या गावची वही भरलेली असेल, त्या गावाची भरपाईची मागणी आपण सर्वांत आधी दाखल करू.